चार्ज देताना

नीलव्वा, घड्याळ काढ, हात कोपरापर्यंत धू,
मग ऐक.

पेटी एक. बेबी ऑफ जरीना मुल्ला, निपाणी.
सातव्यातलं. काल नऊशे ऐंशी, आज नऊशे साठ.
पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच,
हे मी आईला तीनदा सांगितलंय, तू चौथ्यांदा सांग.
विड्या वळते ती. बोटांचा तंबाखूचा वास
साबणाने जाईना, म्हणून
पेटीत हात घालायला तयार नव्हती.
मी म्हटलं, घाल.
इवल्याशा पानाला दोरा बांधणारी बोटं ती,
एवढा हलका हात या वॉर्डात आणखी कुणाचा?
तिने एक बोट दिलं. त्याने धरलं.
चार्टमध्ये याला रकाना नाही.

पेटी दोन रिकामी.
पुसून ठेवलीय. आत्ता विचारू नकोस.

पेटी तीन. बेबी ऑफ वैजयंता गावडे,
जांबोटीच्याही पलीकडचं, जीपमध्येच झालं.
आत्याने पोलक्याच्या आत घालून
घाट उतरून आणलं, अंग गरम होतं.
डॉक्टर खूश : हीच कांगारू पद्धत!
आत्या म्हणाली, कोण तो?
रात्री चारदा श्वास घ्यायला विसरलं.
तळव्यावर टिचकी मारली की आठवतं,
नाराज होऊन आठवतं.
सहाचं औषध दिलंय. कॉफीतलंच असतं ते,
आपण जे पिऊन जागतो
तेच त्यालाही, थेंबभर.

माझी एक बॅचमेट आयर्लंडला आहे ना,
तिने परवा व्हिडिओवर तिचा वॉर्ड दाखवला.
पेट्या चकचकीत, भिंतीवर ससे.
बोलता बोलता मशीन वाजलं
आणि ती फोन तसाच टाकून गेली.
मला फक्त छत दिसत होतं,
आणि ऐकू आली टिचकी.
ओळखली मी.

अडीचला लाईट गेली.
जनरेटर लागायला अकरा सेकंद, मी मोजते.
फुगा दाबत होते, एक-दोन-सोड, एक-दोन-सोड.
त्या अकरा सेकंदांत
कुठल्याच भाषेत देव आठवत नाही.

पेटी चार. बेबी ऑफ स्नेहल हुंदरे. कावीळ,
निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी.
पट्टी सरकते, बघत राहा.
बाप कागलला कामाला, तिकडेच अडकलाय,
कोगनोळीच्या पुढे गाड्या सोडत नाहीत.
पाट्यांवरच्या अक्षरांवरून
पुन्हा काहीतरी पेटलंय म्हणे.
तासातासाला फोन करतो,
सिस्टर, काय करुलालंय बाळ?
मी म्हटलं, वाढुलालंय.
दोन मिलीवरून तीन मिली.

एक सांगू? तू पहिल्यांदा
कूसु म्हणालीस ना, तेव्हा मी दचकले होते.
आमच्यात कूस म्हणजे
जिथून हे सगळे वेळेआधी निघून आले ती जागा.
तुमच्यात कूसु म्हणजे जे आलं ते.
शेवटी एक उकार लागला
की आतलं बाहेर.
त्या उकाराएवढ्या फटीत
आपण दोघी पाळीपाळीने उभ्या असतो,
तू दिवसा, मी रात्री,
पाय सुजवून.

असो. दूध फ्रीजमध्ये आहे, नावं वाचूनच दे.
जरीनाला फॉर्म वाचून दाखव, तिला कन्नड येत नाही,
आणि अंगठा नको म्हणू, सही येते तिला,
सावकाश करते.
तुला पोळी-भाजी ठेवलीय, बंदमुळे कॅन्टीन उघडणार नाही.
मी शहापूरपर्यंत चालतच जाईन.

मशीन वाजलं तर वाजू दे,
आधी बाळाकडे बघ, मग मशीनकडे.
तुला काय सांगायचं ते, पण सांगितल्याशिवाय
माझा पाय निघत नाही.

आणि हो, दोनचा हीटर
मी बंद केलेला नाही.
गोकाकहून एक निघालंय,
साडेनऊपर्यंत पोचेल.